वेल, वात, बत्ती

वादळानंतरच्या तिसऱ्या रात्री
पुलाकडून चालत कोर्लईत शिरलो,
खांद्यावर दोर, पिशवीत पक्कड, टेस्टर
आणि रेवदंड्याच्या ऑफिसात खाल्लेल्या शिव्या.
गावात दिवा नव्हता.
वर टेकडीवर तेवढं दीपगृह फिरत होतं
आपल्या जनरेटरवर,
आमच्यापैकी कोणाकडेही न बघता.

पाणी मागायला इमेल्दा रोशाच्या दारात थांबलो.
टेबलावर बशीत मेणबत्ती,
बाजूला कागदावर सुक्या बोंबलांची मुंडकी.
तिनं आत कुणाला तरी हाक मारून सांगितलं
त्यांच्या त्या गावापुरत्या भाषेत काहीतरी.
एकच शब्द कानात राहिला: वेल.
म्हटलं, काकडीची गेली का हो वादळात?
तांब्या हातात धरून ती एवढी हसली
की ज्योत आडवी झाली.
वेल म्हणजे ही, म्हणाली. मेणबत्ती.
आणि होडीचं शीड, तीही वेलच.
शिडं गेली, इंजिनं आली,
शब्द रिकामा कशाला ठेवायचा?

माझे वडील मास्तर.
शब्द दिसला की फोडायची खोड.
ताट वाढलेलं असायचं आणि विचारायचे,
मेणबत्ती. फोड सांग, मग भात.
मेण कुठून? मदनातून.
संस्कृतात मेणालाही मदनच म्हणत,
मदनाचं मयण, मयणाचं मेण.
म्हणजे तोच का, शंकरानं जाळलेला?
भात निवतोय, म्हणायचे वडील.
बत्ती हिंदीतून आली,
बहुधा तोफांच्या मागे मागे, हा त्यांचा अंदाज;
पण तिची सख्खी बहीण आपल्याकडे आधीच नांदत होती, वात.
दोघी वर्तीच्या लेकी.
वळतात ती वात, वळते ती वाट,
मूळ एकच, जेव आता.
आणि हात धुताना, पाठमोरे:
संस्कृतात मात्र वात म्हणजे वारा.
त्याच दोन अक्षरांत
जळणारी आणि विझवणारा,
फरक फक्त लिंगाचा.

इमेल्दाला यातलं काही बोललो नाही.
एवढंच म्हटलं, आमच्याकडे हिला वात म्हणतात.
ती म्हणाली, तो माझ्या गुडघ्यात आहे.

मग खांबावर.
तुटलेला जंपर जोडायला दहा मिनिटं,
पट्टा कमरेत रुतलेला, हाताला खारा चिकटा.
काम संपलं आणि सहज मागं पाहिलं.
कौलांखाली, खिडक्याखिडक्यांत, पिवळ्या
वेल. वेल. वेल.
पलीकडे कुंडलिकेची खाडी, काळी, भरत आलेली,
आणि सगळं गाव शिडं उभारून
तिच्या काठाशी.
वारा इतकाच
की कोणी विझत नव्हतं
आणि कोणी निघतही नव्हतं.

खाली उतरलो. आता फक्त फ्यूज टाकायचा.
वडील असते तर म्हणाले असते,
वेळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे रे,
वेळा म्हणजे समुद्राची कड, भरतीची घटका.
नोंदवहीत तेवढी जागा नसते.
मी लिहिलं: पुरवठा सुरू, नऊ चाळीस.
नऊ अडतीसलाही झाला असता.

लाइट आली तशी पोरं ओरडली,
कुठल्यातरी घरात टीव्ही
अर्ध्या वाक्यापासून बोलायला लागला.
इमेल्दानं फुंकर नाही घातली.
थुंकीनं बोटं ओली केली, चिमटीत वात धरली,
चर्र.
थोटूक माझ्या हातावर ठेवलं, जाताना लागेल म्हणून.
पुलावर ते काही पेटलं नाही,
चार काड्या गेल्या.

अजून पिशवीत आहे, टेस्टरच्या मुठीला चिकटलेलं.
कुठलीही तार तपासायची
तर बोटाला आधी
मेण लागतं.